‘झाडपालाच तो, काय होणार!’

मागल्या दिवाळीत जर्मनीहून आत्या आली. आम्हा मुलांसाठी तिने चॉकलेटे आणली, बाबांसाठी पेन आणले, आणि आजीसाठी म्हणून एक वेगळीच पुडी आणली. पुडी उघडली तर आत वाळलेली इवली इवली फुले. मध्ये पिवळा गोंडा, भोवती पांढऱ्या पाकळ्यांची झालर. आजीने चिमूटभर फुले तळहातावर घेतली, हुंगली आणि म्हणाली, “ही तर शेवंतीची पिल्लं दिसताहेत गं!” आम्ही सारे खो खो हसलो. आजीच्या त्या वाक्यात हसण्यासारखे काही नव्हते, हे मला फार उशिरा कळले.

फुलांचे नाव कॅमोमाइल. त्याचा चहा रात्री घेतला की शांत झोप लागते, तिकडे घरोघरी घेतात, असे आत्याने सांगितले. आजीला झोपेची तक्रार जुनीच. पण आजी बिचकली. आठ वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची मिट्रल झडप बदलून धातूची झडप बसवलेली आहे. त्या झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी ती रोज घेते आणि दर महिन्याला रक्त तपासून घेते. “डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको गं बाई,” ती म्हणाली. तेव्हा घरातली सर्वांत शिकलेली मी पुढे सरसावले आणि म्हणाले, “अगं आजी, गोळी आहे का ती? झाडपालाच तो, काय होणार!”

या लेखाचा विषय कॅमोमाइल असला, तरी फिर्याद या वाक्याविरुद्ध आहे. आणि ते वाक्य माझेच असल्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातही मीच उभी आहे.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. आजीला त्या चहाने बरे वाटले. रात्रीचा एक पेला होता, तो आवडला म्हणून दुपारचा एक वाढला. पोटात वारा धरतो म्हणून सकाळचाही एक आला. तीन आठवड्यांनी दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. दंडावर कुठे आपटल्याचे आठवत नसताना निळे डाग उमटले. रक्त तपासले. रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे एक माप असते, त्याला आय.एन.आर. म्हणतात. तुमच्याआमच्यात ते एकच्या आसपास असते. आजीसारख्या रुग्णात ते मुद्दाम अडीच ते साडेतीनच्या दरम्यान राखतात. आजीचे निघाले ५·८.

डॉक्टरांनी विचारले, “आजी, नवीन औषध काही सुरू केलंत?” आई म्हणाली, “नाही.” बाबा म्हणाले, “नाही.” मीही म्हणाले, “नाही.” आम्ही खोटे बोलत नव्हतो. चहा हे औषध आहे असे आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हते! आजीच हळू आवाजात म्हणाली, “औषध नाही हो, पण ही एक फुलांचा चहा देते मला.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. त्या चहानेच हे झाले असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, जेवणातल्या फरकानेही हा आकडा हलतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मात्र चहा त्या दिवसापासून बंद करायला लावला, दोन दिवस गोळी थांबवली आणि पुन्हा तपासणी केली. आकडा उतरला. आजी सुखरूप आहे. पण “विचारल्याशिवाय नको” हे शहाणपण त्या घरात फक्त चौथी शिकलेल्या बाईपाशी होते आणि ते मी हसून उडवून लावले, हा सल काही केल्या जात नाही.

मग मी या फुलाच्या मागे लागले. मी इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी, शाळेनंतर रसायनशास्त्राशी माझा संबंध नाही. पण वाचता तर येते! ज्या वस्तूविषयी मी घरात फतवा काढला, ती आहे तरी काय, एवढे तरी पाहावे म्हटले.

तेव्हा आठवले की कॅमोमाइलशी माझी ओळख नवी नाही. बीॲट्रिक्स पॉटर या लेखिकेची पीटर नावाच्या सशाची गोष्ट १९०२ साली प्रसिद्ध झाली. परक्या बागेत घुसून नको तितका भाजीपाला खाल्लेला, घाबरून धापा टाकत घरी आलेला हा खोडकर ससा अखेर अंथरुणात पडतो, आणि त्याची आई त्याला कॅमोमाइलचा काढा करून देते. किती देते? चमच्याने मोजून. लहानपणी वाचताना मला हे पीटरचे लाड वाटले होते. आता पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले की लाड त्याच्या गुणी बहिणींचे झाले, त्यांना दूध-पाव आणि बोरांसारखी रानफळे मिळाली. पीटरला मिळाला तो औषधाचा डोस. सशांच्या घरातदेखील कॅमोमाइल चमच्याने मोजून देत होते, आणि मी आजीला पेले भरभरून पाजत होते!

कॅमोमाइल या नावाने दोन वनस्पती ओळखल्या जातात. एक जर्मन कॅमोमाइल, शास्त्रीय नाव मॅट्रिकेरिया कॅमोमिला. हे वर्षायू रोप, चहाच्या पुड्यांत बहुधा हेच असते. दुसरी रोमन कॅमोमाइल, कॅमेमेलम नोबिले, ही जमिनीलगत पसरणारी बहुवर्षायू वनस्पती. नाव मूळ ग्रीक, अर्थ ‘जमिनीवरचे सफरचंद’, कारण फुलांना सफरचंदासारखा वास येतो. ‘मॅट्रिकेरिया’ या नावामागे गर्भाशय या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. बायकांच्या दुखण्यांवर ही वनस्पती पूर्वापार वापरत, याची ती खूण. आपल्या देशातही ती अगदीच परकी नाही. युनानी वैद्यकात ‘बाबूना’ म्हणून ती ओळखीची आहे आणि लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने तिचे लागवडीसाठी वाण तयार केले आहेत. होमिओपॅथीतली ‘कॅमोमिला’ तर दात येणाऱ्या बाळांच्या आयांना चांगली ठाऊक असते. पण त्या साखरेच्या गोळ्यांत मूळ वनस्पती इतकी विरळ केलेली असते की तो वाद वेगळा. मी बोलते आहे ती खऱ्या फुलांविषयी.

या फुलांत काहीच नसते, सारा मनाचा खेळ आहे, असे मात्र समजू नये. वाफेवर अर्क काढला की या पांढऱ्या-पिवळ्या फुलांतून चक्क निळेभोर तेल निघते. फुलात नसलेले कॅमाझुलीन नावाचे द्रव्य उष्णतेने तयार होते, त्याचा तो रंग. शिवाय दाह कमी करणारे बिसाबोलॉल असते, एपिजेनिन नावाचे द्रव्य असते. मेंदूत ज्या जागी झोपेच्या काही गोळ्या जाऊन चिकटतात त्याच जागी हे एपिजेनिनही चिकटू शकते, असे १९९५ साली प्रयोगशाळेत दिसून आले. जर्मनीत औषधी वनस्पतींची छाननी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या ‘कमिशन ई’ या समितीने १९८४ साली पोटातील पेटके आणि दाह, तसेच त्वचेचा दाह यांसाठी कॅमोमाइलला मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली औषधी वनस्पतींवर ग्रंथ काढला, त्यातही कॅमोमाइलवर प्रकरण आहे. तेथे मापही दिलेले आहे: सुमारे तीन ग्रॅम फुले, दीडशे मिलिलिटर उकळते पाणी, पाच ते दहा मिनिटे झाकण, मग गाळून घ्यावे. दिवसातून तीन ते चार वेळा.

गुण किती येतो? येथे उत्तर थोडे आडवे-तिडवे आहे, आणि ते तसेच सांगितले पाहिजे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००९ साली ५७ चिंताग्रस्त रुग्णांवर आठ आठवडे प्रयोग झाला. काहींना कॅमोमाइलच्या अर्काच्या कॅप्सुली, काहींना तशाच दिसणाऱ्या पण पोकळ. अर्क घेणाऱ्यांची चिंता माफक प्रमाणात अधिक कमी झाली. पण २०११ साली जुनाट निद्रानाशाच्या ३४ रुग्णांवर २८ दिवसांचा प्रयोग झाला, त्यात झोपेत म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे ज्या झोपेसाठी मी आजीला हा चहा पाजला, त्या झोपेचाच पुरावा कच्चा! कर्करोगाच्या एका औषधाने तोंड येते, त्यावर कॅमोमाइलच्या गुळण्यांचा उपयोग होतो का, हे १९९६ साली १६४ रुग्णांवर पाहिले. झाला नाही. एकूण काय, फूल निर्गुण नाही आणि जादूचेही नाही.

आता दुसरी बाजू. कॅनडात माँट्रिअल येथे २००६ साली नोंदलेली एक घटना वाचून माझ्या अंगावर काटा आला. सत्तर वर्षांची बाई, वॉर्फरिन घेणारी. छातीत कफ झाला म्हणून ती दिवसाकाठी चार-पाच पेले कॅमोमाइल चहा पिऊ लागली, आणि पायांच्या सुजेवर कॅमोमाइलचेच मलम चोळू लागली. तिला शरीराच्या आत रक्तस्राव होऊन इस्पितळात दाखल करावे लागले. तिचा आय.एन.आर. ७·९ होता. एक घटना म्हणजे सिद्धान्त नव्हे, हे मला कळते. वॉर्फरिन शरीरात मोडणाऱ्या यकृतातील विकरांना कॅमोमाइल अडवत असावे, असा तर्क आहे. पण तर्क पुरा व्हायची वाट आजीच्या शरीराने का पाहावी?

दुसरा धोका वावड्याचा, म्हणजे ॲलर्जीचा. स्पेनमध्ये १९८९ साली आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध झाली. परागकणांनी त्याला शिंका, सर्दी, दम्याचा त्रास होत असे. त्याने आयुष्यात पहिल्यांदा कॅमोमाइलचा चहा घेतला आणि जिवावर बेतणारी तीव्र प्रतिक्रिया उमटली. पहिल्यांदाच घेतला तर शरीराला वैर कुठून? वैर जुने होते, ते या फुलाच्या भाऊबंदांशी. त्या कुळातल्या रानवनस्पतींचे परागकण त्याच्या नाकात आधीच गेलेले होते. त्याच देशात परागज्वराच्या काही रुग्णांना कॅमोमाइलच्या काढ्याने डोळे धुतल्यावर डोळ्यांना ॲलर्जी झाल्याचेही १९९० साली नोंदले गेले.

हे भाऊबंद कोण? येथे मला आजीची ‘शेवंतीची पिल्लं’ आठवली. कॅमोमाइल खरोखरच शेवंतीच्या कुळातले आहे. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, कॅमोमाइल ही सारी एकाच, सूर्यफुलाच्या कुळातली मंडळी. आणि याच कुळातला एक सभासद आपल्या महाराष्ट्राने फार सोसलेला आहे: गाजर गवत, ज्याला कोणी काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. पुण्यात आढळलेल्या या गवताची नोंद १९५६ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात झाली, आणि मग ते रेल्वेच्या रुळांकडेने, माळांवरून, शेताच्या बांधांवरून देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने आणि वाऱ्यावर उडणाऱ्या कणांनी होणारा त्वचेचा दाह पुण्यातील डॉक्टरांनी १९७० नंतरच्या काळात जगापुढे मांडला. असा दाह झालेल्या पुष्कळ रुग्णांना मग शेवंतीही सोसत नाही. तेव्हा ज्या शेतकऱ्याची मान, कोपर आणि पापण्या गाजर गवताने सोलवटून निघतात, त्याच्या मुलाने शहरातून हौसेने कॅमोमाइल चहाची पुडी नेली, तर त्या पुडीवर त्याच्यासाठी सावधगिरीचा एक शब्दही असेलच असे नाही. जर्मनीतल्या पुडीवर गाजर गवताचे नाव असण्याचे कारणच काय? ते नाव आपणच जोडून घ्यायला हवे.

तिसरी गोष्ट तान्ह्या बाळांची. पोटदुखीने रडणाऱ्या बाळांना कॅमोमाइल, बडीशेप, ज्येष्ठमध इत्यादींचा काढा दिल्यावर बऱ्याच जणांचे रडणे थांबले, असा इस्रायलमधील १९९३ सालचा एक प्रयोग आहे. ६८ बाळे होती. काढा घेणाऱ्यांत ५७ टक्क्यांना आराम पडला, नुसते गोड पाणी घेणाऱ्यांत २६ टक्क्यांना. आकडा चांगला आहे. पण काढा होता एका वेळी दीडशे मिलिलिटरपर्यंत आणि दिवसातून तीनदापर्यंत. एवढे पाणी बाळाच्या पोटात गेल्यावर दुधाला जागा कुठे? शिवाय अर्जेंटिनात बाजारातील कॅमोमाइलचे दोनशे नमुने तपासले, तर साडेसात टक्क्यांत बोट्युलिनम जंतूंचे बीजाणू सापडले. हे संशोधन २००८ सालचे. हे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. मोठ्यांच्या पोटात ते सहसा निमूट निघून जातात, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यांत ते रुजून विष तयार करू शकतात. सुटी, तोलून विकली जाणारी फुले बाळासाठी आणणाऱ्या आईला हे कोण सांगणार?

एवढे वाचून कोणी म्हणेल, “मग हे फूल विषारीच म्हणा की!” मुळीच नव्हे. जगात रोज असंख्य लोक कॅमोमाइल पितात आणि सुखाने झोपी जातात. धडधाकट माणसाने रात्री एक पेला घेतला तर त्याचे बहुधा काही बिघडणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ‘गुण येतो’ आणि ‘अपाय होणारच नाही’ ही दोन वाक्ये एकाच वस्तूविषयी एका दमात म्हणता येत नाहीत. मेंदूला शांत करते, आतड्याचे पेटके सोडवते, असे ज्याच्याविषयी आपण म्हणतो, ते शरीरात काहीतरी करते हे आपण मान्य केलेच. जे काहीतरी करते ते कधीतरी, कोणालातरी, नको तेही करील. कॅमोमाइलला औषध म्हणायचे असेल तर औषधाचा मान द्या: मोजून घ्या, विचारून घ्या, डॉक्टरांना सांगा. आणि नुसते पेय म्हणायचे असेल तर त्याने झोप येते, पोट बरे होते ही स्तोत्रे बंद करा.

आपल्या कॉलेजात या बाबतीत दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, झाडपाला म्हणजे भोंदूगिरी, आजीबाईचा बटवा अडगळीत टाका. दुसरा म्हणतो, निसर्गाचे ते सारे चांगले, अपाय फक्त इंग्रजी औषधांत. वादविवाद स्पर्धेत दोघांनाही टाळ्या पडतात. मला मात्र दोघे सख्खे भाऊ वाटतात, कारण दोघांनाही माहिती करून घेण्याचा त्रास नको आहे. एकाने न पाहता नाकारायचे, दुसऱ्याने न पाहता स्वीकारायचे. न पाहणे दोघांना समान. दुसऱ्या पंथाचा एक युक्तिवाद मात्र ऐकण्यासारखा आहे. गोळ्यांनी माणसांना काय कमी अपाय होतात, असे ते विचारतात. होतात, पुष्कळ होतात. आजीची वॉर्फरिन हीच मुळात मोठी जोखमीची गोळी. पण ती जोखीम सर्वांना ठाऊक असते, म्हणून तर दर महिन्याला तपासणी असते. चहाची जोखीम कोणाच्या गावीच नव्हती, म्हणून तपासणीच्या वेळी आम्ही तिघांनी “नाही” म्हटले.

आणि दुसऱ्या पंथाला माझा एक प्रश्न. ज्या परंपरेचे नाव तुम्ही घेता, तिने झाडपाला निरुपद्रवी आहे असे म्हटले तरी कधी? आपल्या घरातली बाळगुटी आठवा. सहाणेवर दुधात वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, हिरडा, सुंठ उगाळतात. कसे उगाळतात? वेढे मोजून! बाळ महिन्याचे असताना एक वेढा, मोठे होईल तसे वेढे वाढवायचे. जायफळाला तर विशेष जपायचे, एखादा वेढा जास्त झाला तर बाळ गुंगून पडते. सर्दी असेल तर हे वाढव, पोट बिघडले असेल तर ते कमी कर. ही सारी पथ्ये निरक्षर बायकांनी सांभाळली. त्यांचे सगळेच बरोबर होते असे मी म्हणत नाही. तान्ह्या बाळाला सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये असे आज डॉक्टर सांगतात आणि ते मला पटते. पण त्या बायकांना एवढे पक्के ठाऊक होते की सहाणेवर आहे ते खेळणे नव्हे. ‘झाडपालाच तो, काय होणार!’ हे वाक्य आजीच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. ते वाक्य आमच्या पिढीचे आहे. वेढे मोजणारी परंपरा आम्ही सोडली, तिची थोरवी तेवढी ठेवली.

हे असे का झाले असावे? मला वाटते, वस्तू आपल्या घरापासून तुटून आली की तिचे माप मागे राहते. जर्मनीतल्या एखाद्या आजीला कॅमोमाइल कोणाला द्यावे, किती द्यावे, हे तिच्या आईने सांगितलेले असेल. आत्या आमच्याकडे फुले घेऊन आली, ते सांगणे काही पुडीत बांधून येत नाही. तसेच आपली अश्वगंधा, आपली हळद डब्यांत भरून परदेशी जाते, तेव्हा तिचीही पथ्ये इकडेच राहतात. दुकानात हा चहा औषधांच्या फळीवर नसतो, बिस्किटांच्या शेजारी असतो. बिस्किटे खाताना कोण डॉक्टरांना विचारतो?

तेव्हा मापे आपणच पुन्हा घालून घेतली पाहिजेत. मी वैद्य नव्हे. वाचले आणि आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेतले, तेवढेच लिहिते. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर कॅमोमाइल डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. झोपेची किंवा मन शांत करणारी गोळी चालू असेल तरीही नको, गुंगीवर गुंगी चढते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर हा चहा चालू असल्याचे आधी सांगावे. शेवंती, झेंडू, सूर्यफूल किंवा गाजर गवत यांनी अंगावर गांधी, खाज, शिंका वा धाप येत असेल तर या फुलापासून दूर राहावे. गरोदर स्त्रीने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज ते घेऊ नये. या वनस्पतीच्या नावातच गर्भाशय आहे, हे विसरू नये. वर्षाच्या आतील बाळाला देऊ नये. डोळ्यांत घालू नये. सुटी फुले घेताना जपावे, कारण दिसायला तशाच पण अधिक वावड्या अशा रानफुलांची त्यांत भेसळ होते. प्रथम घेताना थोडे घ्यावे. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, तर घरात बसून वाट न पाहता इस्पितळ गाठावे. आणि पंधरा दिवस चहा पिऊनही झोप येत नसेल, तर दुखणे चहाच्या आवाक्याबाहेरचे आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डॉक्टरांनी “काय काय घेता?” असे विचारले की काढे, चूर्णे, गुट्या, अर्क, चहा, सगळे सांगावे. आणि डॉक्टरांनीही, सांगणाऱ्याला न हसता, ते लिहून घ्यावे. आजी त्या दिवशी जरा घाबरतच बोलली होती. तिला वाटले, डॉक्टर रागावतील. ते रागावले असते आणि ती गप्प राहिली असती, तर या लेखाचा शेवट वेगळा झाला असता.

आत्याची पुडी अजून आमच्या फडताळात आहे. ती टाकून द्यावी असे मी म्हणत होते. आजी म्हणाली, “त्या बिचाऱ्या फुलांनी काय केलंय? ज्याला चालत असेल तो घेईल.” तिने बाबांकडून एक कागद चिकटवून घेतला आहे आणि त्यावर आपल्या मोठ्या, वळणदार अक्षरांत लिहिले आहे: ‘विचारून घेणे’.

परवा रात्री माझे डोके दुखत होते. मी सुंठ उगाळायला सहाण घेतली. आजी खाटेवरून म्हणाली, “वेढे मोज गं.” मी मोजले.